हजेरीत नसलेलं नाव

अण्णांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात झाडू दिला. कॉलेजची शेवटची परीक्षा संपून आठवडासुद्धा झाला नव्हता. छापखान्याचं शटर वर गेलं, ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "इथली जमीन ओळखीची झाल्याशिवाय या खुर्चीत बसायचं नाही." बोलण्यात राग नव्हता, नाटकही नव्हतं. ते स्वतः चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या छापखान्यात झाडू मारायला लागले होते. मुलाला द्यावी अशी खरी इस्टेट तीच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पुढची तीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. नव्या माणसाची मुलाखत घेताना सांगितली, चारचौघांत सांगितली, एकदोन सत्कारांना उत्तर देतानाही सांगितली. मालकाचा मुलगा असलो तरी मी तळापासून सुरुवात केली, असं म्हणायचो. त्यातला शब्द न् शब्द घडलेला होता, त्यामुळे सांगताना कधी अडखळलो नाही. मागच्या वर्षी मुलीचं शिक्षण संपलं आणि ती म्हणाली, "बाबा, मलाही तुमच्यासारखंच खालून सुरू करायचंय." ऊर भरून आला. पण "ये उद्यापासून" हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. ते का अडले, हे स्वतःशी नीट लावून पाहायचं म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी काम सांगतो, कारण त्या कामावर माझं अजूनही प्रेम आहे.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूचं एकेक सुटं अक्षर जुळवून केलेल्या छपाईत सगळ्यात खालचं काम छपाई संपल्यावर सुरू होतं. फर्मा, म्हणजे छापायला जुळवून बांधलेले खिळे, यंत्रावरून उतरला की तो रॉकेलने धुवायचा, चिंधीने पुसायचा, मग दोरा सोडून एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचा. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. सुरुवातीला एकेक खिळा डोळ्यांजवळ नेऊन पाहावा लागतो. दोन-तीन महिन्यांनी बोटांनाच कळायला लागतं. चुकीच्या खान्यात गेलेला एक खिळा पुढे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत किंवा पावतीपुस्तकात चुकीचं अक्षर होऊन उगवतो, आणि ते प्रुफात सापडलं नाही तर हजार प्रतींवर तसंच राहतं. म्हणजे तळाच्या माणसाची चूक वरपर्यंत चढत जाते. वरच्या माणसाची मेहनत तळाच्या माणसाच्या लक्ष देण्यावर उभी असते, हे मला तिथे कळलं, आणि ते पुस्तकात वाचून इतकं कधीच कळलं नसतं.

जुळाऱ्यांमध्ये जे सगळ्यात जुने होते, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. ते उभ्याने जुळणी करत, डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खान्यांच्या पेटीवर. नजर मजकुरावर. हात न बघता बरोबर त्या खान्यात जायचा. खिळे शिशाचे, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील. "जेवायच्या आधी हात दोनदा धुवायचे," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. शिसं शरीरात गेलं की बरंचसं हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं, हे मी पुढे वाचलं. ते मालकाचा मुलगा बघत नाही. पण मी ते एक वर्ष हाताळलं आणि मिस्त्रींनी चाळीस वर्षं.

त्याच सोमवारी आणखी एक मुलगा कामाला लागला होता. वयाने माझ्याएवढाच. दोघांना काम एकच, झाडू एकच. आज मी मारायचा, उद्या त्याने. आम्ही शेजारी उभे राहून खिळे टाकायचो. खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. मिस्त्री त्याला "अरे, हे बघ जरा" म्हणत आणि मला "अहो, हे बघा जरा". मला ते ऐकू येत होतं. मी एकदा त्यांना म्हणालोही, "मिस्त्री, मला अहो-जाहो नका करू." ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "अहो". मी माझ्याकडून सांगून झालं, असं समजून विषय सोडला. मराठीत एका क्रियापदाच्या शेवटाने माणसाची जागा ठरते. माझी जागा पहिल्या वाक्यातच ठरली होती, आणि ती माझ्या विनंतीने बदलणारी नव्हती.

चौथ्या महिन्यात माझ्या हातून गॅली, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायचा ट्रे, पडली. दोन दिवसांची जुळणी होती, पुस्तकाची पानं. दोरा नीट आवळला नव्हता, उचलताना हात तिरका झाला, आणि सगळे खिळे फरशीवर. तो आवाज अजून कानात आहे. सगळा छापखाना थांबला. मिस्त्री काही न बोलता खाली बसले आणि खिळे गोळा करायला लागले, मग तो मुलगा बसला, मग मी. त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो. घरी जाताना अण्णा एवढंच म्हणाले, "आता दोरा कसा आवळायचा ते जन्मात विसरणार नाहीस." मी खरोखरच विसरलो नाही. चुकीतून शिकलो, असं मी या प्रसंगाबद्दल पुढे कितीतरी वेळा म्हणालो.

सहा वर्षांपूर्वी खिळ्यांचा तो जुना विभाग आम्ही मोडीत काढला. केसचे लाकडी घोडे, पायाने चालवायचं छपाईयंत्र म्हणजे ट्रेडल, सगळं. माळ्यावर जुन्या हजेरीच्या आणि पगाराच्या वह्या निघाल्या. सहज म्हणून ते वर्ष काढलं. माझ्या गॅलीनंतर दोन महिन्यांनी त्या मुलाच्या नावापुढे लाल शाईत लिहिलेलं होतं: "गॅली पाडली. चार दिवस वजा." अक्षर अण्णांचं. त्याच्या हातूनही गॅली पडली होती याची मला आठवणसुद्धा नव्हती. मी तिथेच असणार, कदाचित खाली बसून खिळेही गोळा केले असतील. पण त्याचे चार दिवस कापले गेले, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग मी माझं नाव शोधलं. माझ्याबाबतीत काय लिहिलंय ते पाहायचं होतं. महिन्यामागून महिने उलटले. माझं नाव कुठेच नव्हतं. चुकून राहिलं असंही नव्हतं. मी त्या वहीतला माणूसच नव्हतो. ज्याची हजेरी लागत नाही त्याची गैरहजेरीही लागत नाही. मी वर्षभर झाडू मारला, रॉकेलने हात सोलवटून घेतले, सगळ्यांच्या आधी आलो आणि सगळ्यांच्या नंतर गेलो. तरी ज्याला तळ म्हणतात तिथे मी एक दिवसही उभा नव्हतो. तिथे उभं असण्याची खूण झाडू नाही. हातातून काही पडलं तर पुढे काय होतं, ती खूण आहे.

अण्णांना मी यात खलनायक करणार नाही. त्यांचेही पगार असेच कापले गेले होते आणि ती शिस्त म्हणूनच त्यांच्या अंगात मुरली होती. मला खटकतं ते माझं. तीस वर्षं मी एक खरी गोष्ट सांगत होतो आणि तिची दुसरी बाजू माझ्याच माळ्यावर पडून होती.

तेव्हापासून मोठ्या माणसांच्या "खालून सुरुवात केली" या कथा मी थांबून थांबून वाचतो. रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये हॉलंडला गेला, तो प्योत्र मिखाइलोव्ह हे साधं नाव लावून. जहाजबांधणी शिकायची होती. झानदाममध्ये एका लोहाराच्या लहानशा लाकडी घरात राहिला, पण बघ्यांची इतकी गर्दी झाली की आठवड्याभरात त्याला तिथून निघावं लागलं. मग अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत त्याने चार महिन्यांहून अधिक काळ सुतारकाम केलं आणि शेवटी तिथल्या मुख्य कारागिराकडून काम येत असल्याचा दाखला घेतला. यात खोटं काही नाही. हाताला घट्टे पडले असतील ते खरेच. पण त्याला शिकता यावं म्हणून कंपनीने एका नव्या जहाजाची बांधणीच सुरू करून दिली होती, आणि झानदाममधलं ते लोहाराचं घर आज वरून दुसरी इमारत बांधून जपलेलं आहे. एका राजाच्या आठवड्याभराच्या मुक्कामाचं स्मारक होतं. त्याच गोदीत सगळं आयुष्य घालवलेल्या सुतारांची घरं शोधायला कुणी जात नाही. आणि याच पीटरने १७०३ पासून दलदलीत आपलं नवं शहर उभारलं, तेव्हा वेठीला धरून आणलेली हजारो माणसं त्या कामात मेली. स्वतः रंधा हातात धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातांची किंमत आपोआप कळते, हा माझा जुना समज या गोष्टीने पुरता हलवला.

अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांची गोष्ट वेगळी. ते खरोखर तळातून आले. यंत्रमागांनी हातमाग बुडवले आणि वडिलांचं विणकाम बंद पडलं, म्हणून १८४८ मध्ये कुटुंब स्कॉटलंड सोडून अमेरिकेला गेलं. हा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच सूतगिरणीत बॉबिन, म्हणजे सुताच्या रिळी, बदलायला लागला. मग तळघरातल्या बॉयलरपाशी काम केलं. पुढे तारऑफिसात निरोप्याची नोकरी लागली आणि नशीब पालटलं. ती नोकरी कशी लागली, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे: तारऑफिसचे व्यवस्थापक त्यांच्या एका नातेवाइकाबरोबर संध्याकाळी ड्राफ्ट्सचा, म्हणजे पटावर सोंगट्यांनी खेळायचा, डाव खेळायचे. एखादा चांगला मुलगा आहे का, असं त्यांनी त्या डावावरच विचारलं. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता, यात शंका नाही. पण त्या गावात तितकेच कष्टाळू किती मुलगे असतील, ज्यांच्या घरचं कुणी त्या पटावर बसलेलं नव्हतं! वारसा म्हणजे दर वेळी जमीनजुमलाच असतो असं नाही. कधी तो योग्य वेळी घेतलेलं एक नाव असतो.

कार्नेगींबद्दल आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मुलांना प्रचंड संपत्ती ठेवून जाणं हे त्यांचं नुकसान आहे, असं त्यांनी १८८९ मध्ये लिहिलं, आणि तसे ते वागलेही. त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली. अशाच एका सद्गृहस्थाने आपली पुस्तकं कामकरी मुलांसाठी खुली केली होती, म्हणून लहानपणी त्यांना वाचता आलं होतं. ते ऋण त्यांनी फेडलं. पण त्यांच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात माणसं बारा-बारा तास राबत होती, आणि १८९२ मध्ये मजुरीवरून वाद झाला तेव्हा कंपनीने बंदूकधारी माणसं आणली, गोळीबार झाला, माणसं मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. बॉयलरच्या तळघरात बसलेला तो मुलगा त्यांच्या मनात त्या दिवशी कुठे होता, हा प्रश्न मी त्यांना विचारतो तेव्हा स्वतःलाही विचारत असतो. "मी भोगलंय" या जाणिवेतून दोन वाटा फुटतात. एक म्हणते, याला ते भोगावं लागू नये. दुसरी म्हणते, मला जमलं तर याला का जमू नये? अण्णा दुसऱ्या वाटेने गेले. मीही बराच काळ त्याच वाटेवर होतो.

एकेका माणसाच्या कथेला भुलायला होतं, म्हणून थोडे आकडे. इटलीतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी फ्लॉरेन्स शहराच्या १४२७ मधल्या करनोंदी २०११ च्या करनोंदींशी आडनावावरून ताडून पाहिल्या. सहाशे वर्षांपूर्वी जी आडनावं वर होती, त्यांतली बरीचशी आजही वरच सापडली. मधल्या काळात राज्यं गेली, युद्धं झाली, साथी आल्या. आणि ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या गटाच्या २०१८ च्या अहवालात असा हिशेब आहे की, त्या गटातल्या सरासरी देशात सगळ्यात गरीब दहा टक्क्यांत जन्मलेल्या घराला त्या देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला चार ते पाच पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन, काही देशांत नऊ. चौदाव्या वर्षी झाडू मारणारे अण्णा एका आयुष्यात मालक झाले हे असामान्यच होतं. म्हणूनच ते सगळ्यांना मोजायचं माप होऊ शकत नाही.

आता कामाच्या निष्ठेबद्दल. हा भाग मला सगळ्यात जास्त सलतो.

तो मुलगा घंटेला निघायचा. बरोबर सहाला हात धुवून, चपला घालून. मी मात्र थांबायचो. मिस्त्रींच्या मागे उभा राहून जुळणी बघायचो, ट्रेडलला तेल द्यायचो, कोऱ्या कागदाच्या रिमा मोजायचो. त्या वयात माझं मत पक्कं झालं होतं: हात चांगला आहे, पण याला कामाची तळमळ नाही. मालक झाल्यावरही माणसं पारखताना मी हीच फूटपट्टी लावली. सहा वाजून गेले तरी कोण थांबतं?

आज ते नीट मांडून बघतो. मी थांबलो तो प्रत्येक तास माझ्याच घरात जमा होत होता. ते यंत्र एक दिवस माझं होणार होतं, त्याला घातलेलं तेल माझ्याच यंत्राला होतं. त्याने थांबून घातलेलं तेलही माझ्याच यंत्राला गेलं असतं. मग तळमळ कुणाला असणार? मी तिला चारित्र्य म्हणत होतो. तिच्या मुळाशी मालकी होती, हे मला दिसत नव्हतं. आणि तो सहाला निघून कुठे जायचा, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. दुसरं काम असेल, घरी कुणी आजारी असेल, की नुसताच मित्रांबरोबर नाक्यावर उभा राहत असेल. त्या वयात तोही त्याचा हक्कच होता.

लहान मुलांवर केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला. समोर एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवायचा आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. ही जुनीच परीक्षा; जो थांबतो तो संयमी, पुढे यशस्वी होणार, असं मानलं जायचं. या वेळी संशोधकांनी आधी एक छोटी गोष्ट केली. मुलांना चित्रं काढायला जुने खडू दिले आणि थांबलात तर नवे आणतो म्हणाले. काही मुलांना नवे खडू खरंच आणून दिले. बाकीच्यांना येऊन सांगितलं, माफ करा, नाहीत. मग मार्शमॅलोची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांच्या बाबतीत तो मोडला गेला ती तीनच मिनिटं. मुलं जेमतेम अठ्ठावीस होती, त्यामुळे यावर मोठा सिद्धान्त मी रचणार नाही. पण हे वाचल्यावर ती लाल शाई डोळ्यांपुढे आली. ज्याला कष्टाच्या बदल्यात काही मिळाल्याचा अनुभव आहे तो कष्ट करत राहतो. माझ्या बाबतीत दिलेला प्रत्येक शब्द पाळला गेला होता. गॅली पडली तेव्हासुद्धा.

याचा अर्थ ते वर्ष फुकट गेलं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे मिस्त्रींचा अपमान. आजही नव्या यंत्राचा आवाज बदलला तर मला शेजारच्या खोलीत कळतं. कागदाची कड बोटाने चाचपून त्याचं वजन मी अंदाजे सांगू शकतो. कुणी "साधं तर काम आहे" म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आपल्या हाताने करून पाहिलेल्या कामाबद्दल माणूस हलकं बोलत नाही, निदान बोलू नये. धनिकांच्या मुलांनी खालचं काम करून पाहावं, जरूर पाहावं. मात्र त्याला शिक्षण म्हणावं. त्याच्या बळावर वर बसायचा हक्क सांगू नये, आणि ज्यांना ते काम सोडून जाता येत नाही त्यांच्याशी बरोबरी तर मुळीच सांगू नये.

ती वही सापडल्यानंतर नुकसानीपोटी पगार कापणं मी बंद केलं. बिघडलेला माल छापखान्याच्या खात्यावर पडतो. हे फार मोठं काही केलं असं नाही. गॅली आता नाहीत, पण प्लेट चुकते, रंग हलतो, पाचशे प्रती वाया जातात. सुरुवातीला वाटलं होतं, माणसं बेफिकीर होतील. तसं झालं नाही. उलट चूक झाली की आता लगेच सांगतात. पूर्वी लपवायचे आणि ती गठ्ठे बांधल्यावर सापडायची. सहाला निघणाऱ्याकडे मी घड्याळ बघून पाहत नाही. कधीकधी नजर जाते, ती वळवतो.

मुलीला शेवटी मी ये म्हणालो. तिचं नाव हजेरीत घातलं, इतरांच्या खाली, लागल्या तारखेप्रमाणे. त्याने ती त्यांच्यासारखी होत नाही, हे तिला सांगितलं. तिला वाईट वाटलं. "मग मी काय करू म्हणजे ते खरं होईल?" असं तिने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आत जाऊन ती जुनी वही आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

तिने सावकाश वाचली. लाल शाईपाशी थांबली, मग माझं नाव शोधायला लागली, माझ्यासारखीच, महिन्यामागून महिने. नाही सापडलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलली नाही. परत त्या मुलाच्या नावावर गेली आणि बोट ठेवून पुढची पानं उलटत राहिली. पुढच्या वर्षीच्या एका महिन्यात त्याच्या नावापुढे रकाने रिकामे होते. त्यानंतर नावच नव्हतं.

"याचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही."

"त्याच्याबरोबर कामाला असलेलं कुणी आहे का अजून?"

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. पण बाइंडिंगला होते ते एक जण आहेत, पलीकडच्याच वस्तीत राहतात, थकलेत. तिने वही बंद केली, बगलेत घेतली आणि चपला घालायला लागली. सहा वाजायला अजून वेळ होता. मी बाकीच्यांना सांगून तिच्यामागून निघालो.